श्रीमंत इंजिनाचे दुखणे

'श्रीमंत' या शब्दाला आपल्याकडे मोठा मान आहे. पेशव्यांच्या नावामागे तो लागला, गणपतीच्या नावामागे लागला, आणि लग्नाच्या बोलणीत तर तो न उच्चारताही सगळ्यांना ऐकू येतो. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांचे अर्थ कोठे कोठे जाऊन कसे पालटतात, हे वर्गात सांगणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. पण हाच शब्द इंग्रजी वेषात मोटारीच्या गॅरेजमध्ये शिरला, की शिवी होतो, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. मेस्त्री बॉनेट उघडतो, नाक उडवतो आणि म्हणतो, "गाडी रिच चालतीय." डॉक्टरांनी "साखर वाढलीय" म्हणावे, तसाच तो स्वर असतो. इथे श्रीमंती म्हणजे आजार.

म्हणजे काय, तर इंजिनाच्या पोटात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. ज्यांच्या घरी कधी कंदील होता, त्यांना हे फोड करून सांगायला नको. वात जरा जास्त वर केली, की उजेड वाढण्याऐवजी ज्योत पिवळी होऊन तडफडू लागते आणि पाहता पाहता काच काळवंडते. रॉकेल कमी पडते म्हणून नव्हे. रॉकेल भरपूर, पण ते जाळायला हवा अपुरी. न जळलेला कोळसा काजळी होऊन काचेवर बसतो. मोटारीच्या बाबतीत कंदिलाच्या काचेचे काम स्पार्क प्लग आणि सायलेन्सरची नळी करतात, एवढाच फरक.

पेट्रोल पुरते जळायचे, तर एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आकडा रुक्ष आहे, पण त्याचा अर्थ मोठा गमतीचा आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते! आपण पंपावर पैसे मोजतो ते एका लिटरचे. बाकीचे नऊ हजार लिटर निसर्ग फुकट घालतो. ही दोन्ही मापे जुळवून देण्याचे काम जुन्या गाड्यांत कार्बोरेटर नावाचे एक पितळी-ॲल्युमिनियमचे यंत्र करी. अरुंद बोळात वारा कसा जोर धरतो, ते आपण पुण्याच्या पेठांतून अनुभवतो. कार्बोरेटरच्या गळ्यातही हवा तशीच जोरात वाहते, तिथला दाब कमी होतो, आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल एका बारीक भोकातून आपोआप वर ओढले जाते. त्या भोकाच्या पितळी तुकड्याला म्हणतात जेट. आकाराने कोटाच्या लहान बटणाएवढा. पण सारा संसार त्याच्या भोकावर.

हे सारे मला कळले ते आमच्या सासऱ्यांच्या पद्मिनीमुळे.

आमचे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, निवृत्तीनंतर मावळातल्या शिरगावला राहायला गेले. सोमाटणे फाट्यावरून आत वळले, की पवनेच्या काठचे हे गाव. साईबाबांच्या मंदिरामुळे त्याला लोक प्रतिशिर्डी म्हणतात, आणि गुरुवारी तिथे गाड्यांची रीघ लागते. एरवी भाताची खाचरे, आणि दिवाळीच्या सुमारास इंद्रायणी तांदळाचा वास. नानांनी जन्मभर एका कारखान्यात हिशेब लिहिले. १९८६ साली, बरीच वर्षे नंबर लावून ठेवल्यावर, त्यांना ही गाडी मिळाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडलेली. इटलीच्या फियाटची ही मुंबईकर लेक. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि वर सोलेक्सचा कार्बोरेटर. तो कारखाना आता गाड्या काढत नाही, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्याचा अधिकृत निरोप घेतला. पण नानांच्या अंगणात ती अजून उभी आहे. सासूबाई गेल्यापासून तर गाडी पुसणे हा नानांचा सकाळच्या पूजेनंतरचा दुसरा नित्यनेम झाला आहे.

गेल्या वर्षी या गाडीने काळा धूर सोडायला सुरुवात केली. चढावर पाय दाबला, की मागे काळे ढग. पेट्रोल पाण्यासारखे जाऊ लागले. मागच्या बाजूला बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींचे डोके दुखू लागले आणि धाकट्या चिरंजीवांना मळमळू लागले. प्रथम घाटाच्या हवेवर दोष गेला. आमचे एक स्नेही म्हणाले, "उंचावर हवा विरळ, म्हणून गाडी रिच होते." त्यांचे शास्त्र बरोबर होते, फक्त हिशेब तोकडा होता. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. तिथे हवा मुंबईपेक्षा सहाएक टक्के विरळ. त्यामुळे मुंबईत लावून घेतलेली गाडी तिथे तीनएक टक्के रिच होईल. तीन टक्क्यांनी इंजिन जरा जड वाटेल, पण काळे ढग निघणार नाहीत. शिवाय ही गाडी काही मुंबईहून आलेली नव्हती. ती वर्षानुवर्षे मावळचीच हवा खात होती.

मग पुण्यातल्या एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने पाच मिनिटे इंजिन रेज केले, मागचा धूर पाहिला आणि निकाल दिला : "इंजिन कामाला आलंय. रिंगा गेल्यात. इंजिन उतरवून बोअर करावं लागेल." खर्च सांगितला चाळीस हजार रुपये. वर फुकटचा सल्ला : "एवढे घालण्यापेक्षा भंगारात द्या."

त्या दिवशी घरी येताना नाना एक शब्द बोलले नाहीत. मेहुणे फोनवरून म्हणाले, "भाऊजी, तुम्हीच समजवा त्यांना. आता या वयात गाडी हवी कशाला?" प्रश्न गाडीचा नव्हता, हे आम्हां सर्वांना कळत होते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला 'आता उपयोग नाही, भंगारात द्या' हे वाक्य दुसऱ्या कोणाविषयी बोललेले ऐकू येत नसते. आणि हेही खरे, की मागच्या सीटवर पोराचे डोके गरगरत असताना केवळ मायेपोटी अशी गाडी चालवता येत नाही. काय ते ठरवायला हवे होते, आणि ठरवण्याआधी दुखणे काय ते कळायला हवे होते.

शिरगावातच रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक मेस्त्री आहेत. हल्ली बहुतेक ट्रॅक्टर आणि टेम्पो दुरुस्त करतात. पण तरुणपणी त्यांनी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात हात काळे केलेले. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी प्रश्न विचारले.

"धूर कवा येतो, सर? चालू केल्या केल्या, का चढाला?"

"चढाला. पाय दाबला की."

"उभी असताना?"

"उभी असताना फारसा नाही."

"काळा का निळा?"

"काळा."

"मग रिंगा कशाला गेल्या म्हनतो त्यो?"

धुराच्या रंगांची ही परीक्षा प्रत्येक गाडीवाल्याने पाठ करावी अशी आहे. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे ऑइल जळते आहे. तिथे रिंगांचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा संशय घ्यावा. दाट पांढरा आणि गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा म्हणजे पाणी आत शिरते आहे. आणि काळा म्हणजे पेट्रोल जादा. मेस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरे फडके धरून मला रेज करायला सांगितले. फडक्यावर बसलेली काजळी बोटांनी चोळून दाखवली. कोरडी, मऊ, पणतीवर धरलेल्या काजळासारखी. "ऑइल असतं तर चिकट लागली असती."

मग चारही प्लग काढून ओळीने मांडले. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. वैद्य जशी जीभ पाहतो तसा मेस्त्री प्लग पाहतो. निरोगी इंजिनाचा प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असतो. इथे चारही काळेकुट्ट आणि कोरडे. "चारी सारखेच," मेस्त्री म्हणाले. या दोन शब्दांत किती तर्क होता, ते मला नंतर उमगले. एकच प्लग काळा असता, तर खोड त्या एका सिलिंडरची. चौघेही सारखे काळे, म्हणजे दोष चौघांना मिळून वाढणाऱ्या हातात. वाढणारा हात म्हणजे कार्बोरेटर, किंवा त्याच्या आधीचे काही.

यापुढचा क्रम ऐकण्यासारखा आहे. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, आणि जे उघडायला अवघड ते शेवटी, हा मेस्त्रींचा नियम. पहिल्यांदा हवेचा फिल्टर. तो चोंदला असेल तर हवा कमी पडते आणि मिश्रण रिच होते. फिल्टर काढून गाडी चालवली, धूर तसाच. दुसरा चोक. थंड इंजिन सुरू होताना हवेची वाट मुद्दाम अडवणारी ही झडप. तिची तार गंजून अडकली, तर ती अर्धवट मिटलेलीच राहते आणि गाडी दिवसभर सकाळचीच समजूत करून घेऊन चालते. डॅशबोर्डवरचे बटण आत ढकलून मेस्त्रींनी झडप डोळ्यांनी पाहिली; सताड उघडी. तिसरी ठिणगी. ती अशक्त असली, तरी पेट्रोल नीट न जळता काजळी धरते. पॉइंट पाहिले, गॅप मोजला, ठीक.

चौथा फ्लोट. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा हा तरंगता गोळा. संडासाच्या टाकीत असतो ना, त्याचाच धाकटा भाऊ. त्याला भोक पडून तो बुडाला, किंवा त्याने दाबायची सुई झिजली, तर वाटी भरून वाहते आणि इंजिन पेट्रोलात न्हाते. मेस्त्रींनी फ्लोट कानाशी धरून हलवला; आत पेट्रोल खळखळले नाही. सुईच्या नळीत फुंकर मारली. हवा गेली नाही. पातळी बरोबर. शेवटी गाडी सुरू करून, उभ्या गतीचे मिश्रण ठरवणारा स्क्रू त्यांनी हळूहळू आत फिरवला. इंजिन अडखळून बंद पडायला आले. त्यांचा चेहरा खुलला.

"वाटी वाहत असती ना, सर, तर स्क्रू बंद केला तरी इंजिनला कायबी फरक पडला नसता. म्हंजे उभी असताना कार्बोरेटर शहाना हाय. पळाया लागली की येडा होतो. आता मला सांगा, हा धूर कवापास्नं?"

हे काही आम्हांला नक्की सांगता येईना. तेव्हा नाना उठले आणि गाडीच्या खणातून एक वही घेऊन आले.

हिशेबनिसाची वही ती! १९८६ पासून भरलेले प्रत्येक लिटर, तारीख, किलोमीटरचा आकडा, ऑइल, हवा, सर्व्हिसिंग. सगळे बारीक, वळणदार अक्षरात. ही सातवी वही. जुन्या पोथ्यांचे पाठ लावण्याची मला सवय आहे; मी ती घेऊन बाकड्यावर बसलो. महिन्यामागून महिने गाडीचे ॲव्हरेज तेराच्या आसपास. मग एका पानावर नोंद : 'पुणे. कार्बोरेटर साफ केला. पिकअप वाढवून दिला.' आणि त्याच्या पुढच्याच टाकीपासून ॲव्हरेज दहा. त्यानंतर कधीच साडेदहाच्या वर नाही. रोगाची जन्मतारीख सापडली होती.

वहीत आणखी एक गोष्ट होती. पूर्वी दर दोन-तीन महिन्यांनी 'ऑइल पाव लिटर टाकले' अशी नोंद असे. त्या दिवसानंतर ती एकदाही नाही. नाना अभिमानाने म्हणाले, "बघा, ऑइल तर मुळीच खात नाही आता." मेस्त्रींनी ऑइलची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली. पेट्रोलचा भपकारा. सिलिंडरच्या भिंतीवर न जळलेले पेट्रोल ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळत होते, म्हणून पातळी उतरत नव्हती. अशा पातळ झालेल्या ऑइलने वंगण होत नाही. आणखी वर्ष-सहा महिने गाडी अशीच चालली असती, तर रिंगा खरोखरच गेल्या असत्या, आणि पुण्याच्या गॅरेजचे भाकीत उशिरा का होईना खरे ठरले असते.

'पिकअप वाढवून दिला' हे वाचताच मेस्त्रींनी जेट खोलला. उभ्या गाडीला पेट्रोल देणारा जेट वेगळा, आणि पळत्या गाडीला देणारा मुख्य जेट वेगळा. दोष या मुख्य जेटमध्ये होता. प्रत्येक जेटवर भोकाच्या मापाचा आकडा कोरलेला असतो, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. आकडा बरोबरच होता. पण उजेडाकडे धरून पाहिले, तर भोक गोल नव्हते, आत ओरखडे. कोणीतरी तारेने किंवा बारीक ड्रिलने ते कोरले होते. आकडा तोच, भोक मात्र मोठे! ग्रंथावर जुन्या लेखकाचे नाव आणि आत दुसऱ्याच कोणाची भर, असे प्रकार मी हस्तलिखितांत पाहिले आहेत. पितळेत प्रथमच पाहिले.

एवढ्याशा भोकाने असे काय होते, असे वाटेल. पण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. समजा, १.२० मिलिमीटरचे भोक १.३५ झाले. व्यास वाढला पंधरा शतांश मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारा. पण क्षेत्र वाढले सुमारे २७ टक्क्यांनी. नानांच्या वहीतले तेराचे दहा याच हिशेबात बसत होते. पाय दाबल्यावर सुरुवातीला गाडी झेपावल्यासारखी वाटते, म्हणून गिऱ्हाईक खूश. बिल पुढे दर टाकीला येत राहते.

आणि एक कोडे सुटले. या गाडीला प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र, आपले पीयूसी, त्या वर्षात बिनबोभाट मिळाले होते. अशा जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, आणि तपासणी होते गाडी उभी असताना. उभी असताना ही गाडी शहाणीच होती! परीक्षेच्या दालनात सज्जन आणि बाहेर उनाड, असे विद्यार्थी मला नवे नाहीत.

हा कार्बन मोनॉक्साइड मात्र विनोदाचा विषय नव्हे. धूर काळा दिसतो, पण हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. पेट्रोल जादा आणि हवा अपुरी असली, की तो कित्येक पटींनी वाढतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट तो बिलगतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही त्याची पहिली ओळख. आमच्या गाडीच्या डिकीचे रबर तडकलेले निघाले. तिथून धूर आत येत होता. ते रबर मेस्त्रींनी आधी बदलले, जेट नंतर. "इंजिन चार दिस थांबंल सर, पोरगं नाय थांबायचं." बंद गॅरेजमध्ये, दार लावून, गाडी गरम करीत कोणी बसत असेल, तर ती सवय आजच सोडावी.

नवा जेट पुण्याच्या नाना पेठेत मिळाला. किंमत काही शे रुपये. मेस्त्रींनी नव्या जेटमध्ये एका ड्रिलचा दांडा घालून दाखवला. तो घट्ट बसला. जुन्यात तोच दांडा डुगडुगत होता. जेट बसवला, ऑइल बदलले, प्लग साफ केले, आणि आम्ही जुन्या रस्त्याने वडगाव, कामशेत करीत लोणाव्यापर्यंत गेलो. चढावर नानांनी पाय दाबला. मी मागे वळून काचेतून पाहत होतो. मागे नुसता रस्ता होता. परत आल्यावर प्लग काढले, तर त्यांना चहाच्या बिस्किटाचा रंग चढू लागला होता. मेस्त्रींनी मजुरी सांगितली ती इतकी कमी, की नानांनी तिच्यात स्वतःहून भर घातली आणि ती रक्कमही वहीत लिहिली.

कोणी म्हणेल, हे सारे जुन्या गाड्यांचे पुराण झाले. आमच्या गाडीला कार्बोरेटरच नाही. खरे आहे. आज गाड्यांत पेट्रोलचे माप संगणक ठरवतो. धुरात प्राणवायू किती उरला, हे चाखून पाहणारा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम आला, आणि आज तो घरोघरच्या गाडीत आहे. तो दर क्षणी संगणकाला सांगतो : जादा झाले, कमी कर, कमी झाले, वाढव. तरी या गाड्याही रिच होतात. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गॅरेजमधला मुलगा यंत्र जोडतो आणि 'पी ०१७२' असा कोड वाचून दाखवतो. या कोडचा अर्थ एवढाच, की मिश्रण रिच आहे. म्हणजे यंत्राने सांगितले ते मेस्त्रींच्या फडक्याने सांगितले तेवढेच. कारण मात्र दोघांनाही शोधावे लागते. इंजेक्टर ठिबकत असेल, पेट्रोलचा दाब वाढला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, किंवा पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडून गरम इंजिनाला थंडच समजत असेल. हा शेवटचा म्हणजे अडकलेल्या चोकचाच नवा अवतार! कोड वाचून तडक महागडा सेन्सर बदलणे, आणि धूर पाहून तडक इंजिन उतरवणे, ही एकाच घाईची दोन रूपे. शिवाय नव्या गाडीत हे दुखणे अंगावर काढू नये. न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि तो तापून निकामी झाला तर खर्चाला सीमा नाही.

तेव्हा वाचकहो, गाडी जुनी असो की नवी, चार गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. धुराचा रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. बिघाड केव्हा दिसतो, थंड असताना की गरम, उभी असताना की चढावर, हे मेस्त्रीला नीट सांगावे. जो आधी प्रश्न विचारतो त्याच्याकडे गाडी न्यावी, जो आधी आकडा सांगतो त्याच्याकडे नेऊ नये. आणि कोणी आनंदाने 'पिकअप वाढवून देतो' म्हणाला, तर त्याचा हात धरावा.

पाचवी गोष्ट वहीची. आमचे मेहुणे त्या वह्यांना पूर्वी हसत असत. दर पाच वर्षांनी नानांच्या गाडीची फेरनोंदणी करावी लागते. पुढच्या वेळी आर. टी. ओ.त गाडी घेऊन जायचे काम आता त्यांनी आपल्याकडे घेतले आहे, आणि स्वतःच्या नव्या गाडीच्या खणात एक कोरी शंभर पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर आणि लिटर, असे तीन रकाने आखलेले आहेत. रेघा मात्र नानांनी आखून दिल्या.